आतड्याची राखण आणि परळच्या प्रयोगशाळा

परळचा इतिहास बहुधा गिरण्यांच्या भोंग्यापासून सुरू केला जातो. याच परळला आणखी एक इतिहास आहे आणि तो पोटाचा आहे. पटकी, हगवण, विषमज्वर, पोलिओ हे रोग आतड्याच्या वाटेने येतात. त्यांना अडवण्यासाठी शरीर आतड्यातच कोणता बंदोबस्त ठेवते आणि त्या बंदोबस्तात तिथे कायम वस्तीला असलेल्या जंतूंचा वाटा किती, हे कोडे उलगडायला शंभराहून अधिक वर्षे लागली. त्यातला बराच भाग हिंदमाता चौकाच्या आसपास घडला. चौकाच्या दक्षिणेला जेमतेम किलोमीटरभरात हाफकिन संस्था, केईएम, वाडियांची प्रसूती आणि बालरुग्णालये आणि टाटा मेमोरियल अशी रांगच लागते. देशात एवढ्या थोड्या जागेत इतकी वैद्यकसंस्थांची गर्दी क्वचितच सापडेल.

हिंदमाता हे नाव तिथल्या चित्रपटगृहावरून पडले. साड्यांच्या आणि कापडाच्या दुकानांनी ते लांबवर पोचवले. पावसाळ्यात मात्र ते वर्तमानपत्रांत येते ते पाणी तुंबल्यामुळे. भोवतालच्या मानाने हा भाग बशीसारखा खोलगट आहे आणि भरतीच्या वेळी मोठा पाऊस झाला की पाण्याला समुद्राकडे जायला वाट राहत नाही. तुंबलेल्या पाण्यात गटाराचे पाणी मिसळते. आतड्याच्या रोगांचा अभ्यास करणाऱ्या संस्था नेमक्या अशा जागेच्या शेजारी उभ्या राहिल्या, हा योगायोग मानता येईल. पण त्यांच्या कामाचा आणि या पाण्याचा संबंध योगायोगाचा नाही.

पटकीची साथ मुंबईत पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर आली ती १८१८ साली. त्यानंतरची कित्येक दशके ती शहरात येतजात राहिली. मरीआई आणि जरीमरी यांची देवळे मुंबईच्या जुन्या वस्त्यांत जागोजागी दिसतात, ती त्या भीतीची खूण. रोगाचे कारण हवेत आहे, की पाण्यात, की मातीत, यावर डॉक्टरांत वाद चालू होता. लोक विहिरींचे आणि तळ्यांचे पाणी पीत होते. विहार तलावाचे पाणी १८६० मध्ये आले, तुळशीचे १८७९ मध्ये आणि तानसाचे १८९२ मध्ये. नळ आले तरी सांडपाण्याची व्यवस्था मागेच राहिली. गिरण्यांसाठी घाटावरून आणि कोकणातून आलेली माणसे ज्या चाळींत दाटीवाटीने राहू लागली, तिथे एका मजल्याला एखाददुसरा नळ आणि सामायिक संडास हीच रीत होती.

पटकीने गरीब-श्रीमंत असा भेद केला नाही. परळला तेव्हा गव्हर्नरचा बंगला होता. मूळची जेझुइट पाद्र्यांची ही वास्तू अठराव्या शतकात इंग्रजांच्या ताब्यात आली आणि पुढे गव्हर्नरांचे निवासस्थान झाली. १८८२ साली गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांच्या पत्नीचा पटकीने मृत्यू झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाला नाव मिळाले ते याच गव्हर्नरांचे. त्यानंतर गव्हर्नरांनी परळ सोडून मलबार हिल जवळ केली आणि बंगला रिकामा पडला. आतड्याच्या रोगामुळे ओस पडलेल्या या वास्तूत सतरा वर्षांनी जंतुशास्त्राची प्रयोगशाळा आली. १० ऑगस्ट १८९९ रोजी गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. आधी प्लेग संशोधन प्रयोगशाळा, १९०६ पासून मुंबई जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा आणि १९२५ पासून हाफकिन संस्था अशी तिची नावे बदलत गेली.

वाल्डेमार हाफकिन १८६० साली ओडेसात जन्मले. मुंबईच्या इतिहासात त्यांची नोंद प्लेगची लस शोधणारे म्हणून आहे आणि ती योग्यच आहे. १८९६ साली मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. ऑक्टोबरात हाफकिन मुंबईला आले आणि भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहान खोलीत त्यांनी काम सुरू केले. मांसाच्या रश्श्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून ते त्याखाली जंतू वाढवत. १० जानेवारी १८९७ रोजी ती लस त्यांनी आधी स्वतःला टोचून घेतली. या प्लेगच्या कथेमुळे एक गोष्ट मागे पडते. हाफकिन भारतात आले ते प्लेगसाठी नव्हे, पटकीसाठी. १८९३ साली ते कोलकात्यात उतरले तेव्हा त्यांच्याजवळ पटकीची लस होती आणि पुढच्या दोन-अडीच वर्षांत त्यांनी देशभर सुमारे ४२ हजार माणसांना ती टोचली.

त्यांचे गुरू एली मेचनिकॉव्ह. ओडेसाच्या विद्यापीठात हाफकिन त्यांच्याकडे शिकले आणि पुढे त्यांच्या मागोमाग पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गेले. शरीरातील काही पेशी जंतूंना गिळून टाकतात हे मेचनिकॉव्ह यांनी १८८२ साली दाखवले आणि त्याबद्दल १९०८ साली पाउल एर्लिख यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. रोगप्रतिकारशास्त्राचा पाया घालणाऱ्यांत त्यांची गणना होते. आतड्यातले जंतू माणसाच्या प्रकृतीवर परिणाम करतात, हे जोरकसपणे मांडणारा पहिला मोठा शास्त्रज्ञही हाच. मोठ्या आतड्यात कुजण्याची क्रिया करणारे जंतू म्हातारपण लवकर आणतात आणि दही आंबवणारे जंतू त्यांना आवर घालतात, असे ते म्हणत. त्या सिद्धान्तातला बराच भाग पुढे टिकला नाही. त्याच्या आधारावर दह्याच्या गोळ्या विकणाऱ्यांचे मात्र युरोपात चांगले फावले.

त्याहून महत्त्वाचा त्यांचा एक प्रयोग होता. १८९२ साली फ्रान्समध्ये पटकी पसरली असताना मेचनिकॉव्ह पटकीचे जिवंत जंतू पाण्यातून प्यायले आणि त्यांना काही झाले नाही. एका सहकाऱ्यालाही दिले, त्यालाही काही झाले नाही. तिसऱ्या माणसाची मात्र मरता मरता सुटका झाली. तेच जंतू, तेवढेच पाणी, आणि परिणाम इतका वेगळा का? आतड्यात आधीपासून राहणारे काही जंतू पटकीला मदत करत असावेत आणि काही तिला अडवत असावेत, असा तर्क त्यांनी बांधला. याच वर्षी त्यांच्या शिष्याने पटकीची लस स्वतःला टोचून घेतली. पण ती त्वचेखाली. गुरूने गाठलेला मुद्दा आणि शिष्याने धरलेली वाट यांत इथेच अंतर पडले, आणि ते भरून निघायला निम्म्याहून अधिक शतक लागले.

टोचून दिलेल्या लसीची मर्यादा रोगाच्या स्वभावात आहे. प्लेगचा जंतू रक्तात शिरतो. पटकीचा जंतू शिरतच नाही. तो लहान आतड्याच्या अस्तराला चिकटून राहतो आणि तिथे विष सोडतो. त्या विषामुळे अस्तराच्या पेशी पाणी आणि क्षार बाहेर टाकू लागतात. काही तासांत माणूस कित्येक लिटर पाणी गमावतो, पण शत्रू अस्तराच्या बाहेरच असतो. रक्तात तयार झालेले प्रतिपिंड (अँटिबॉडी) त्याच्यापर्यंत फारसे पोचत नाहीत. त्यामुळे टोचण्याची लस उपयोगी पडली तरी तिचा पल्ला थोडा होता आणि प्रभाव काही महिन्यांत ओसरत असे. तरीही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तीच सर्वत्र चालली. पंढरीच्या वारीत वारकऱ्यांना पटकीची टोचणी घेतल्याशिवाय पुढे जाता येत नसे, आणि बऱ्याच घरांत आजही म्हातारी माणसे त्या सुईची आठवण काढतात. अखेर १९७३ साली जागतिक आरोग्य परिषदेने आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी या लसीच्या दाखल्याची अट काढून टाकली. तिच्यामुळे साथ एका देशातून दुसऱ्या देशात जायची थांबत नाही, हे तोवर उघड झाले होते.

आतड्याला स्वतःची वेगळी प्रतिकारव्यवस्था आहे, याचे पुरावे मात्र बरेच आधी मिळू लागले होते. मेचनिकॉव्ह यांचेच आणखी एक ओडेसाचे शिष्य अलेक्झांडर बेझ्रेड्का यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात 'स्थानिक प्रतिकारा'ची कल्पना मांडली. जंतू ज्या दाराने येतो त्याच दारावर पहारा बसवला पाहिजे, म्हणून आतड्याच्या रोगांची लस तोंडाने द्यावी, असा त्यांचा आग्रह होता. १९२२ साली ब्रिटिश डॉक्टर आर्थर डेव्हिस यांनी हगवणीच्या रोग्यांच्या विष्ठेत प्रतिपिंड शोधले, आणि ते रक्तात दिसण्याआधीच विष्ठेत दिसले. हा निष्कर्ष बराच काळ दुर्लक्षित राहिला. विष्ठा तपासण्यापेक्षा रक्त तपासणे सोपे आणि प्रतिष्ठेचे होते, हेही त्यामागचे एक कारण असावे. १९६५ च्या सुमारास अमेरिकेत थॉमस टोमासी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लाळ, दूध आणि इतर स्रावांत एक खास प्रकारचा प्रतिपिंड असतो हे सिद्ध केले. त्याला आयजीए म्हणतात. प्रौढ माणसाच्या शरीरात रोज काही ग्रॅम आयजीए तयार होतो आणि त्यातला बहुतेक आतड्यात सोडला जातो.

आतड्याची ही राखण थरांनी बनलेली आहे. सर्वांत वर चिकट स्राव असतो आणि त्याखाली एकाच पेशीच्या जाडीचे अस्तर. या पातळ पडद्यापलीकडे प्रतिकारपेशी मोठ्या संख्येने जमलेल्या असतात. लहान आतड्यात ठिकठिकाणी लसिकापेशींचे पुंजके आहेत. योहान पेयर या स्विस वैद्याने १६७७ साली त्यांचे वर्णन केले, म्हणून ते त्याच्या नावाने ओळखले जातात. या पुंजक्यांवरच्या विशेष पेशी आतड्यातल्या जंतूंचे अंश आत ओढून घेतात आणि प्रतिकारपेशींना दाखवतात. त्यातून बी-पेशी आयजीए तयार करायला शिकतात, रक्तातून फिरून येतात आणि आतड्याच्या अस्तराखाली मुक्काम करतात. तिथून आयजीए अस्तर ओलांडून आतड्यात उतरतो आणि जंतूंना व विषांना अस्तराला चिकटण्यापूर्वीच पकडतो. जंतूला मारण्यापेक्षा त्याला लांब ठेवण्यावर या व्यवस्थेचा भर आहे. अस्तराला सूज आली तर अन्न शोषणे थांबते, म्हणून भांडण वाढू न देणे हेच इथे शहाणपण ठरते.

शिकवणी कोणाकडून मिळते, याचे उत्तर जंतुरहित प्राण्यांनी दिले. १९४० च्या दशकात अमेरिकेत जेम्स रेनियर्स यांनी जन्मापासून एकाही जंतूचा स्पर्श न झालेले प्राणी पिंजऱ्यात वाढवले. ते जगले, पण त्यांच्या आतड्यातले पुंजके खुरटे राहिले आणि आयजीए अगदी थोडा तयार झाला. नेहमीचे जंतू त्यांना दिल्यावर काही आठवड्यांत प्रतिकारव्यवस्था भरली. म्हणजे जंतू नसतील तर राखणदारच तयार होत नाहीत. पुढच्या संशोधनात हे अधिक नेमके झाले. उंदरांच्या आतड्यातला दोऱ्यासारखा एक जंतू एकटाच टी-पेशी नावाच्या प्रतिकारपेशींचा विशिष्ट प्रकार वाढवतो, असे २००९ साली दिसले. पिष्टमय धागे आंबवून जंतू ब्युटिरेटसारखी आम्ले बनवतात आणि त्या आम्लांमुळे सूज आवरणाऱ्या टी-पेशी वाढतात, हे २०१३ साली अनेक गटांनी दाखवले. माणसाच्या शरीरात जंतूंची संख्या सुमारे ३८ लाख कोटी असावी असा अंदाज आहे, म्हणजे शरीराच्या स्वतःच्या पेशींच्या आसपासच. त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात.

मेचनिकॉव्ह यांच्या कोड्यालाही उत्तर मिळाले. २०१४ साली ढाक्यातल्या पटकीच्या रोग्यांच्या आतड्यातील जंतूंचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बरे होताना कोणते जंतू परत येतात ते पाहिल्यावर त्यातला एक जंतू पटकीच्या जंतूंना आतड्यात वसाहत करू देत नाही असे उंदरांवरच्या प्रयोगांत आढळले. एकशे बावीस वर्षांपूर्वीचा तर्क बराचसा बरोबर होता.

परळच्या प्रयोगशाळेत आतड्यातील जंतूंचा धागा आणखी एका बाजूने आला. १९२८ साली लुसी विल्स या ब्रिटिश डॉक्टर हाफकिन संस्थेत काम करू लागल्या. मुंबईतील गरीब गरोदर बायकांना, त्यातही गिरणगावातल्या मजूरवर्गातल्या बायकांना, एक गंभीर रक्तक्षय होत असे. विल्स यांनी त्यांचे खाणे, राहणे आणि रोग यांची पाहणी केली. प्रयोगशाळेतल्या उंदरांवर आणि नंतर माकडांवर त्यांनी आहार बदलून पाहिला. यीस्टचा अर्क, म्हणजे मार्माइट नावाची स्वस्त इंग्रजी चटणी, दिल्यावर माकडे बरी झाली. मग रुग्ण बायकाही बऱ्या झाल्या. १९३१ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. त्या अर्कातला घटक म्हणजे फोलेट, हे पुढच्या दशकात स्पष्ट झाले. आज प्रत्येक गरोदर बाईला मिळणाऱ्या फॉलिक ॲसिडच्या गोळीचे मूळ परळमध्ये आहे, आणि ही गोष्ट मुंबईकरांना माहीत असायला हवी.

आतड्याशी याचा संबंध पुढे लक्षात आला. आतड्यातले काही जंतू स्वतः फोलेट तयार करतात. १९४० च्या दशकात संशोधकांनी उंदरांना सल्फा औषधे दिली तेव्हा त्यांच्या आतड्यातील जंतू घटले. पांढऱ्या पेशी कमी पडल्या आणि फोलेट दिल्यावर त्या पुन्हा वाढल्या. पांढऱ्या पेशी तयार होताना भराभर विभाजन लागते आणि त्यासाठी फोलेट लागते. म्हणजे जंतू प्रतिकारव्यवस्थेला शिकवतात तसे काही अंशी तिचे पोषणही करतात. उपाशी शरीरात मात्र हा हिशेब बिघडतो. कमी खाणे, वारंवार जुलाब आणि अस्वच्छ पाणी एकत्र आले की आतडे जे थोडे येते तेही नीट शोषत नाही.

असेच सततचे नुकसान १९६० च्या दशकात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात सेल्विन बेकर आणि सहकाऱ्यांनी पाहिले. दक्षिण भारतातल्या बाहेरून निरोगी दिसणाऱ्या माणसांच्या लहान आतड्याच्या अस्तरावरचे सूक्ष्म उंचवटे खुजे झालेले होते. याच सुमारास पाकिस्तानात काम करणाऱ्या अमेरिकी स्वयंसेवकांच्या आतड्यातही हे बदल दिसले आणि मायदेशी परतल्यावर ते बरे झाले. कारण वंशात नव्हते, परिसरात होते. सतत विष्ठेचे जंतू पोटात जात राहिले की आतडे सौम्य सुजेच्या अवस्थेत राहते. अस्तर गळके होते, उंचवटे झिजतात आणि मुलांची वाढ खुंटते. जुलाब होत नाहीत म्हणून कोणी डॉक्टरकडे जात नाही. परळ, नायगाव, लालबागच्या चाळींत कित्येक पिढ्या अशा आतड्यांनिशी वाढल्या असणार.

पोलिओच्या काळात या सगळ्याची कसोटी लागली. पोलिओ हा लकव्याचा रोग म्हणून ओळखला जातो, पण त्याचा विषाणू तोंडावाटे येतो, आतड्यात वाढतो आणि विष्ठेतून बाहेर पडतो. मज्जातंतूंपर्यंत तो क्वचितच पोचतो. जोनास साल्क यांची टोचण्याची लस १९५५ साली आली. ती रक्तात प्रतिपिंड तयार करते आणि लकवा टाळते, पण आतड्यात विषाणूला फारशी अडवत नाही. अल्बर्ट सेबिन यांच्या थेंबांच्या लसीत दुर्बळ केलेला जिवंत विषाणू असतो. तो आतड्यात वाढतो आणि तिथे आयजीए तयार करवतो. बेझ्रेड्का यांचा आग्रह अखेर या थेंबांच्या रूपाने खरा ठरला. १९७५ साली हाफकिन संस्थेपासून औषधनिर्मितीचा भाग वेगळा होऊन हाफकिन बायो-फार्मास्युटिकल महामंडळ झाले. आयात केलेल्या मूळ द्रावणापासून थेंबांची लस तयार करून देशाला पुरवणाऱ्या मोठ्या उत्पादकांत त्याचा समावेश होता. १९९५ साली सुरू झालेल्या पल्स पोलिओ मोहिमेत ज्या कोट्यवधी मुलांच्या तोंडात दोन थेंब पडले, त्यातले बरेच परळहून गेलेले होते.

पण थेंब सगळीकडे सारखे लागू पडले नाहीत. वेल्लोरच्या टी. जेकब जॉन यांनी १९७० च्या दशकातच दाखवले होते की युरोप-अमेरिकेत पुरेसे ठरणारे तीन डोस भारतीय मुलांना पुरत नाहीत. पुढे उत्तर प्रदेशात एका डोसचा परिणाम देशाच्या इतर भागांच्या निम्म्याहूनही कमी पडतो असे आढळले. तिथल्या मुलांना दहा-दहा डोस द्यावे लागले. कारणे अनेक आहेत. आतड्यात आधीच इतर विषाणू असतील तर लसीच्या विषाणूला जागा मिळत नाही. अस्तर सुजलेले असेल तर प्रतिसाद क्षीण होतो. आईच्या दुधातले प्रतिपिंडही थोडा अडथळा आणतात. आतड्यातले जंतूच दोषी असतील तर अँटिबायोटिक देऊन काम होईल, असे वाटणे स्वाभाविक होते. वेल्लोरमध्ये बाळांना थेंबांआधी ॲझिथ्रोमायसिन देऊन पाहिले. रोगकारक जंतू कमी झाले, पण थेंबांचा प्रतिसाद वाढला नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने सोप्या उत्तराची आशा संपवली. त्याआधी २०१४ मध्ये एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली होती. आधी थेंब घेतलेल्या मुलांना नंतर टोचण्याची लस दिली तर आतड्यातली प्रतिकारशक्तीही वाढते. म्हणजे सुई आणि थेंब यांचे जुने भांडण एकमेकांच्या मदतीने मिटू शकत होते. ३० नोव्हेंबर २०१५ पासून देशाच्या लसीकरण कार्यक्रमात टोचण्याच्या पोलिओ लसीचाही समावेश झाला.

हाफकिन संस्थेच्या आवारातच भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे एंटरोव्हायरस संशोधन केंद्र होते. देशभरातून लकव्याच्या संशयित मुलांच्या विष्ठेचे नमुने तिथे येत आणि विषाणू कोणत्या कुळातला आहे हे तिथे ठरे. २००१ पासून या केंद्राने मुंबईच्या गटारांतले सांडपाणी पोलिओसाठी तपासायला सुरुवात केली. लकवा झालेले एकही मूल नसताना विषाणू शहरात फिरतो आहे का, हे सांडपाणीच सांगू शकत होते, कारण विषाणू बाळगणाऱ्या शेकडो मुलांपैकी एखाद्यालाच लकवा होतो. इतर शहरांत ही पद्धत पुढच्या दशकात गेली. भारतातला पोलिओचा शेवटचा रानटी विषाणू १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त जाहीर झाला. त्या मोठ्या समारंभांत सांडपाण्याच्या बाटल्या भरणाऱ्यांना फारशी जागा मिळाली नाही.

थेंबांची ही उणीव इतर तोंडी लसींतही दिसते. रोटाव्हायरसच्या लसी श्रीमंत देशांत गंभीर जुलाबांपासून ८५ टक्क्यांहून अधिक संरक्षण देतात. भारतात तयार झालेल्या लसीचा आकडा ५५ टक्क्यांच्या आसपास राहिला. तरी २०१६ पासून ती राष्ट्रीय कार्यक्रमात घेतली गेली आणि ते योग्यच झाले, कारण रोगाचे प्रमाण मोठे असेल तर अर्धे संरक्षणही हजारो मुले वाचवते. पटकीची तोंडाने घेण्याची नवी लस कोलकात्यात पाच वर्षे तपासली गेली तेव्हा सुमारे ६५ टक्के संरक्षण मिळाले. हाफकिन यांच्या सुईपेक्षा ते कितीतरी टिकाऊ होते.

अलीकडे परळच्या रुग्णालयांत याच कथेचे दुसरे टोक दिसते. इथे राखणदार सुस्त नसून अतिउत्साही झालेले असतात. क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस या दोन रोगांत प्रतिकारव्यवस्था आतड्यातल्या नेहमीच्या जंतूंवरच हल्ला करते आणि अस्तराला व्रण पडतात. एकेकाळी हे पाश्चात्त्यांचे रोग मानले जात. आता भारतातल्या शहरांतही ते वाढत आहेत. इथल्या डॉक्टरांपुढे एक खास पेच असतो. आतड्याचा क्षयरोग आणि क्रोन्स हे दुर्बिणीतून आणि तुकड्याच्या तपासणीतूनही कित्येकदा सारखे दिसतात. क्रोन्ससाठी प्रतिकारशक्ती दाबणारे औषध दिले आणि तो खरे तर क्षय असला, तर रोग भडकतो. म्हणून अनेकदा आधी क्षयाचे औषध देऊन पाहावे लागते. टाटा मेमोरियलसारख्या कर्करोगाच्या रुग्णालयांपुढे हाच विषय वेगळ्या रूपात आहे. केमोथेरपीत पांढऱ्या पेशी कमी झाल्या की रोग्याच्या स्वतःच्या आतड्यातले जंतू रक्तात शिरू शकतात. आणि प्रतिकारशक्तीला चेतवणारी नवी औषधे कोणाला लागू पडतील, यात आतड्यातील जंतूंच्या घडणीचा वाटा असतो, हे २०१८ साली परदेशातल्या तीन गटांनी एकाच वेळी मांडले.

पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रात योगेश शौचे आणि सहकाऱ्यांनी भारतीय माणसांच्या आतड्यातील जंतूंची यादी करायला घेतली. धान्य-कडधान्यांच्या धाग्यांवर वाढणारा प्रीव्होटेला हा जंतू इथे पाश्चात्त्यांपेक्षा कितीतरी जास्त आढळतो. भाकरी, डाळ, भाजीच्या आहाराशी हे जुळते. हे प्रमाण ज्या आहारावर अवलंबून आहे तो गिरण्यांच्या जागी टॉवर आलेल्या परळमध्ये झपाट्याने बदलत आहे. त्यामुळे अशा याद्या आताच होणे गरजेचे आहे. पाश्चात्त्य माणसांवरून काढलेले निष्कर्ष उचलून दह्याच्या बाटल्या आणि जंतूंच्या कॅप्सूल विकल्या जातात, त्यांपैकी बहुतेकांना भारतीय आतड्याबद्दलचा पुरावा नाही.

हिंदमाताचे पाणी आता थोडे लवकर ओसरते. २०२१ नंतर महापालिकेने दादरच्या प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली मोठ्या टाक्या बांधल्या. तुंबलेले पाणी त्यांत साठवून भरती ओसरल्यावर सोडले जाते. हा खर्च सार्वजनिक बांधकामाच्या खात्यात मांडला जातो. लसीकरणाच्या खात्यातही त्याचा काही वाटा धरायला हवा, कारण परळहून निघणारे थेंब ज्या आतड्यात पडतात त्या आतड्याची अवस्था भोवतालच्या गटारांवर अवलंबून असते. मुंबईच्या सांडपाण्याचे नमुने पोलिओसाठी अजूनही तपासले जातात.